अलिबाग ते मुरुड : एक राहिलेला धडा

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी सायकलवरून मुरुडला जायचं म्हटल्यावर घरात काय काय बोललं गेलं, ते सगळं इथे लिहीत नाही. मुलाने पुण्याहून फोनवर एवढंच विचारलं, "आई, एस.टी. बंद आहे का?"

सायकल मला नवी नाही. लहानपणी भाड्याने मिळणारी मोठी सायकल नळीखालून पाय घालून, कैची मारत शिकले. गुडघे फुटले तेव्हा आईने हळद लावली आणि वर दोन धपाटेही दिले. पुढे नोकरी लागल्यावर बरीच वर्षं शाळेत जाणं-येणं लेडीज सायकलवरच. निवृत्तीनंतर मात्र ती सायकल पडवीत गंजत राहिली. यंदा जानेवारीत माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाई, आम्ही शनिवार-रविवार मुरुडला सायकलने चाललोय. तुम्ही येताय." तो काही विचारत नव्हता, सांगत होता. हा विद्यार्थी आता छप्पन्न वर्षांचा आहे, त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याला गुडघ्यांची तक्रार नाही.

तर आम्ही सहा जण. तो, त्याची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, माझ्याबरोबर शाळेत असलेले निवृत्त पी.टी.चे सर, बँकेतून निवृत्त झालेल्या माझ्या एक मैत्रीण आणि मी. मला गिअरची सायकल त्यानेच आणून दिली. वाटभर मागून त्याचा आवाज येत होता, "बाई, गिअर बदला!" "बाई, डावीकडून!" इतकी वर्षं ज्यांना सूचना दिल्या त्यांच्या सूचना ऐकायची आता पाळी आली!

अलिबाग ते मुरुड म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर. मी याच अष्टागरातल्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. फळ्यावर कोकणचा किनारा खडूने इतक्या वेळा काढला आहे की डोळे मिटूनही काढीन. कुलाबा, रेवदंडा, कोर्लई, जंजिरा असे ठिपके द्यायचे आणि मुलांना साल पाठ करायला लावायचं. त्या ठिपक्यांमधलं अंतर मात्र कधी स्वतःच्या पायांनी मोजलं नव्हतं. एस.टी.त बसलं की डोळा लागतो आणि मोटारीत बसलं की गप्पा रंगतात. सायकलवर मात्र रस्ता उतरायला लागला की कळतं, खाडी आली. चढायला लागला की कळतं, डोंगराची सोंड समुद्रात शिरली आहे. किल्ला तिथेच का बांधला हे मांड्यांना समजतं.

पहाटे निघालो तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. भूगोलात शिकवतात ते मतलई वारे हेच. चार-पाच किलोमीटरवर अक्षी लागलं. इथला शिलालेख तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. शिलाहार राजा केसिदेवराय याच्या काळातला हा दगड. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा त्याचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी लावला. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. त्यात लिहिलंय तरी काय? देवीसाठी दिलेल्या दानाची नोंद. लढाई नाही, राज्याभिषेक नाही. त्या काळी राजदरबारी मान होता संस्कृतला. तरी गावातल्या माणसाला वाचून दाखवल्यावर समजलं पाहिजे म्हणून कोणीतरी गावाच्या बोलीत दगड कोरला, आणि आपण त्याच्यापुढे हजार वर्षांनी हात जोडतो. कित्येक वर्षं हा दगड रस्त्याच्या कडेला दुर्लक्षित उभा होता. मी स्वतः त्याच्या शेजारून किती वेळा घंटी वाजवत गेले असेन! या वेळी उतरले आणि विद्यार्थ्याच्या मुलीला दाखवला. ती म्हणाली, "आजी, यातलं मला काहीच मराठी वाटत नाही." खरं आहे. त्यालाही तिचं मराठी मराठी वाटणार नाही.

पुढे नागाव, मग चौल. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मधून अरुंद रस्ता. आज चौलमध्ये बंदर होतं म्हटलं तर नवख्या माणसाला हसू येईल. पण ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या वाटाड्या पुस्तकात 'सेमिल्ला' म्हणून या बंदराचं नाव आहे. अरबांनी त्याला 'सैमूर' म्हटलं. अल मसुदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, इथे आला होता. त्या वेळी शिलाहार राजा झंझ राज्य करत होता आणि बंदरात सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते, असं तो लिहितो. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. त्या इथे जन्मलेल्यांना 'बयासिरा' असं वेगळं नाव होतं. इथल्या लोकांच्या भाषेला त्याने 'लारीय' म्हटलं आहे. म्हणजे अक्षीचा दगड कोरला जाण्याआधी शंभर वर्षं, पलीकडच्याच गावात, बाजारात किती भाषा कानावर पडत असतील याचा विचार करा.

मग साडेपाचशे वर्षांनी, १४६९ च्या सुमारास, अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी घोडा विकायला घेऊन याच चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, हे आपण सगळे पाठ करतो. निकितीन त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी आला. पण त्याच्यामागे ना आरमार होतं ना राजा, म्हणून तो आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरता. त्याच्या गोऱ्या रंगाचं नवल वाटून लोक त्याच्यामागे फिरत, असं त्याने लिहून ठेवलंय. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर 'परदेसी' चित्रपट काढला होता. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे. मला स्वतःला त्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याचं प्रवासवर्णन रशियन भाषेत आहे, पण मधूनमधून तो तुर्की, फारसी, अरबी शब्द आणि वाक्यं वापरतो, आणि शेवटची प्रार्थना तर या मिश्र भाषेतच लिहितो. इतकी वर्षं परमुलखात काढल्यावर त्याच्या तोंडी तीच बसली असणार. आमच्या शाळेत हा मुलगा असता तर मी त्याच्या वहीवर लाल शाईने 'भाषा अशुद्ध' असा शेरा मारला असता.

रेवदंड्यात शिरताना रस्ता सरळ कोटाच्या भिंतीतूनच जातो. पोर्तुगीजांनी निजामशहाची परवानगी घेऊन १५२१ पासून इथे बस्तान बसवलं. त्याआधी १५०८ मध्ये याच खाडीच्या तोंडाशी गुजरातच्या आणि इजिप्तच्या आरमारांनी मिळून त्यांचा पराभव केला होता आणि त्यात व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला होता. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने कोटाला वेढा दिला, पण कोट पडला नाही. आत आता नारळाच्या वाड्या आहेत, पडक्या चर्चच्या भिंती आहेत आणि सातखणी मनोरा आहे. त्याचे सातही खण आता राहिलेले नाहीत, नाव तेवढं राहिलं आहे.

याच रेवदंड्यात ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. आमच्या भागात बेने इस्रायल लोकांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. अलिबागच्या उत्तरेला नवगावजवळ गलबत फुटून आपले पूर्वज या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरागत कथा. त्यांची मायबोली मराठी झाली. पुढे बहुतेक जण इस्रायलला गेले, तरी तिथूनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी चालवलं. हे मी वर्गात दर वर्षी अभिमानाने सांगत असे. परक्या देशात, चारी बाजूंनी दुसरी भाषा असताना, यांनी घरात आपली मराठी जपली! मुलांना टाळ्या वाजवायला लावत असे.

आणि हे सांगत असताना त्याच वर्गात मी काय करत होते, ते आता सांगते.

रेवदंड्यावरून साळावला जायला आज कुंडलिका खाडीवर पूल आहे. पूल होण्याआधी पलीकडची मुलं होडीतून येत. पावसाळ्यात दप्तर डोक्यावर धरून, भिजून, कधी दुसरा तास सुरू झाल्यावर. त्यातच कोर्लईची एक मुलगी होती. साल १९८१ असावं, इयत्ता सहावी. कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. तिथली घरातली भाषा वेगळी. ती मुलगी आणि तिची चुलत बहीण मधल्या सुट्टीत आपसात त्या भाषेत बोलत. वर्गात हशा पिकायचा. एके दिवशी निबंधाच्या तासाला ती बहिणीला त्याच भाषेत काहीतरी विचारू लागली. मुलं हसली. मी हसणाऱ्यांना काही बोलले नाही. तिला उभं केलं आणि म्हटलं, "घरात असली मोडकीतोडकी भाषा बोलत राहिलात तर शुद्ध मराठी येणार कधी? आईवडिलांना सांग, बाईंनी घरी मराठीच बोलायला सांगितलंय."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, मग आजीशी कशात बोलू?"

ते उद्धटपणे विचारलेलं नव्हतं. तिला खरोखरच अडचण पडली होती. मी म्हटलं, "बस खाली."

पुलावरून आम्ही शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास गेलो. पाच मिनिटंही लागली नाहीत. कोर्लईच्या फाट्याशी माझा विद्यार्थी म्हणाला, "बाई, इथे थांबायचं?" मी म्हटलं, "येताना." आणि उगाचच गिअर बदलला.

बोर्ली, काशीद, तिथलं सुरूचं बन, मग नांदगाव. काशीदनंतरच्या चढावर मी उतरून सायकल ढकलली हे कबूल करते. पी.टी.चे सर चढून गेले आणि वर जाऊन माझ्यासाठी टाळ्या वाजवत बसले, हेही नोंदवून ठेवते. मुरुडला ओळखीच्या घरी मुक्काम होता. रात्री त्यांनी वाडीत पोपटी लावली. भांबुर्डीचा पाला, मडकं, वालाच्या शेंगा. सगळे शेकोटीभोवती बसले. माझ्या डोक्यातून मात्र कोर्लईचा फाटा जात नव्हता.

रविवारी सकाळी राजपुरीपर्यंत जाऊन जंजिरा लांबूनच पाहिला. होडीने आत जायला वेळ नव्हता. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगडांचा भराव टाकून पाहिला, तरी किल्ला मिळाला नाही. शिड्या लावायचं धाडस करणाऱ्या लाय पाटलांना महाराजांनी पालखी दिली, तेव्हा दर्यात फिरणाऱ्या कोळ्याला पालखी काय कामाची म्हणून त्यांनी ती घेतली नाही, मग महाराजांनी 'पालखी' नावाचं गलबतच दिलं, असं सांगतात. ही गोष्ट सांगताना माझा आवाज नेहमी चढायचा.

पण या वेळी 'जंजिरा' या शब्दापाशीच अडकले. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट. आपण ते जिभेवर घोळवून जंजिरा केलं. सिद्दी आले आफ्रिकेतून, हबसाणातून. त्यावरून त्यांच्या मुलखालाही लोक हबसाण म्हणत. त्यांचं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, ते साल मी शिकवत असे. पण ज्या भाषेत त्यांच्या पहिल्या पिढीतल्या आया पोरांना निजवत असतील, ती घरातून कधी गेली? किल्ला पडल्याची तारीख आपण लिहून ठेवतो. भाषा घरातून जाते त्या दिवसाची कोणी लिहीत नाही, कारण त्या दिवशी काही घडल्यासारखं वाटतच नाही. एखादं पोर आजीला दुसऱ्या भाषेत उत्तर देतं, एवढंच.

परतीला दुपारचा खारा वारा समोरून येत होता. कोर्लईला पोचेपर्यंत सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, त्यामुळे थांबणं भागच होतं.

या गावाचा इतिहास मी निवृत्त झाल्यावर नीट वाचला. डोंगरावर निजामशहाने किल्ला बांधायला घेतला आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला. शिपाई, त्यांची कुटुंबं, इथलेच धर्मांतर केलेले लोक एकत्र राहिले. एकमेकांशी बोलता बोलता एक नवीच भाषा तयार झाली. शब्द बरेचसे पोर्तुगीज. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल, कोर्लई मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले. पण ही गरीब शेतकरी आणि मासेमार माणसं कुठे जाणार? ती इथेच राहिली, आणि त्यांची भाषाही राहिली. आजूबाजूला सगळी मराठी, आणि मध्ये हे एवढंसं गाव. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेवर १९९६ मध्ये एक आख्खं पुस्तक लिहिलं. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सहसा कर्माच्या आधी येतं. कोर्लईच्या भाषेत ते मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसलंय. बोलणारे असतील हजाराच्या आतबाहेर. ते तिला म्हणतात 'नो लिंग'. अर्थ, आमची भाषा.

म्हणजे ज्याला मी 'मोडकीतोडकी' म्हटलं, ती शेकडो वर्षांची, स्वतःचं व्याकरण असलेली भाषा होती, आणि तिच्या व्याकरणात माझी मराठी मुरलेली होती. आणि माझ्या 'शुद्ध' मराठीत? बटाटा, पाव, साबण, चावी, घमेलं, परात, लिलाव हे सगळे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. इतकंच काय, शुद्ध मराठी शिकवण्याबद्दल मी दर महिन्याला जो घेत होते, तो 'पगार' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच!

रस्त्याच्या कडेला एका टपरीवर चहा सांगितला. बाजूच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी सुकवलेली मासळी निवडत बसली होती. अंगणात सात-आठ वर्षांचा मुलगा प्लॅस्टिकच्या बॉलने खेळत होता. तिने त्याला हाक मारून काहीतरी विचारलं. मला एक शब्द कळला नाही, पण तो सूर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी कानावर पडला आणि मी ओळखला. मुलाने बॉल न थांबवता उत्तर दिलं, "नको, मला भूक नाही." अगदी स्वच्छ मराठीत.

म्हातारीला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तिने पुढचा मासा उचलला.

मी विद्यार्थ्याकडे पाहिलं. तोही त्याच वर्गात होता. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बाई, हसलो आम्हीच होतो."

मी म्हटलं, "पण उभं तिला केलं होतं मी."

त्या मुलीचं नाव घेऊन मी टपरीवाल्याकडे चौकशी केली. मंडळी मुंबईला असतात, सणाला येतात, असं तो म्हणाला. फोन नंबर मिळेल का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. फोन करून काय सांगणार होते? एवढं एक वाक्य तिच्या लक्षातही नसेल. किंवा असेल, आणि तिने आपल्या मुलांशी घरात मराठीच बोलायचं ठरवलं असेल. ती शक्यता मला सहन होत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, एका शिक्षिकेच्या एका वाक्याने भाषा मरत नाही. बरोबर आहे. शाळा, नोकऱ्या, मुंबई, टी.व्ही., मोबाइल ही मोठी कारणं आहेत. पूल झाला आणि खाडीपलीकडचं गाव जवळ आलं, तेही एक कारण असेल, आणि पूल नको होता असं कोण म्हणेल? भिजत होडीतून येणारी ती मुलं मी पाहिली आहेत. पण मी इतिहासाची शिक्षिका. कारणे लिहा म्हटलं की मुलांनी सगळी लिहावीत असा माझा आग्रह असे. सोयीची तेवढी लिहून एक गाळलं तर मी अर्धा गुण कापत असे. तेव्हा माझं वाक्यही त्या यादीत लिहिलं पाहिजे, भले सगळ्यात शेवटी.

आज माझा नातू फोनवर मला इंग्रजीत उत्तरं देतो. मी तक्रार करते. त्याच्या शाळेतल्या बाईंनी त्याला घरी काय बोलायला सांगितलं असेल, हे मला कोणी सांगायला नको.

संध्याकाळी अलिबागला पोचलो. शंभरावर किलोमीटर झाले. पाय दोन दिवस दुखले, त्याची बढाई मी अजून मारते आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं ठरलंय. मी म्हटलंय, या वेळी मुरुडपर्यंत नको, कोर्लईपर्यंतच जाऊ. त्या ओट्यावर बसेन. म्हातारीला विचारेन, परवा नातवाला हाक मारून काय विचारलंत, ते मला शब्द न् शब्द सांगा. वही बरोबर नेणार आहे.